कुडिया घाटावरच्या चपला

आई लखनौला आली ती दसरा झाल्यावर, आणि पुढच्या चार महिन्यांत तिनं माझ्या घरातल्या एकाही गोष्टीला नाव ठेवलं नाही. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

ज्यांनी माझ्या आईला वाईत पाहिलं आहे त्यांना यातली गोम लगेच कळेल. तिचा दिवस दूधवाल्यापासून सुरू व्हायचा. दूध पातळ, उशीर झाला, किटलीला पोचा आलाय. मग भाजीवाल्याची मेथी जून निघायची, समोरच्या बाईंच्या रांगोळीची रेघ तिरपी असायची आणि मी फोन केला की माझा आवाज बसलेला असायचा. तिनं कधी कुणाचं कौतुक केलं तर बाबा हसून म्हणायचे, कपाळाला हात लावून बघ गं हिच्या, ताप आलाय का. मी तिची एकुलती एक मुलगी. नाकावरचा राग मला तिच्याकडूनच आलाय, त्यामुळे आमच्या घरात शांतता अशी फारशी नसे आणि ती नाही म्हणून कुणाला चुकल्यासारखंही वाटत नसे.

बाबा गेल्यावर ती तिथंच एकटी राहिली. घाटापासून दोन मिनिटांवर, एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. दूधवाला आला, त्यानं कडी वाजवली, दार उघडेना. एरवी तो दुधाची पिशवी दाराला अडकवून गेलाही असता. पण त्या दिवशी आतून बोलणी ऐकू आली नाहीत म्हणून तो थांबला. त्यानं शेजारणीला बोलावलं, शेजारणीनं तिच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. तोवर आई दोन तास ओल्या फरशीवर पडून होती. हे सगळं मला शेजारणीनं फोनवर सांगितलं. आईनं एवढंच सांगितलं, की जरा हात दुखतोय.

हात बरा होईपर्यंत म्हणून मी तिला इकडे आणलं. हात दिवाळीनंतर बरा झाला. माझ्या मनात होतं की तिनं आता इथंच राहावं. तिच्या मनात होतं की माघात घाटावर कृष्णाबाईचा उत्सव असतो, त्याच्या आत तिनं तिथं पोचावं आणि मग तिथंच राहावं. ती यावर वाद घालत बसली नाही. फक्त म्हणाली, "तिकीट काढशील ना गं? जमलं तर." आणि मी मोबाइल हातात घेतल्यावर म्हणाली, "परतीचं माझं काढू नकोस." मी तिला पोचवायला जाणार होते. माझं जायचं-यायचं आणि तिचं फक्त जायचं, अशी चारबाग स्टेशनहून गाडीची तिकिटं झाली.

आम्ही मानक नगरला रेल्वेच्या कॉलनीत राहतो. माझे यजमान रेल्वेत इंजिनिअर, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संस्थेत वनस्पतींवर काम करते. सव्वीस वर्षं झाली इथं. आई यापूर्वी दोन-तीनदा येऊन गेली होती, पण आठ-आठ दिवसांसाठी, आणि तेव्हा तिनं आमच्या घराची अगदी व्यवस्थित सालं काढली होती. या खेपेला ती सोफ्याच्या कडेला बसायची. टीव्ही लावायच्या आधी "लावू का?" म्हणून विचारायची. सकाळी उठल्यावर रजईची घडी करून ठेवायची, ती अशी, की त्या पलंगावर रात्री कुणी झोपलं होतं असं वाटू नये. चहा कसा झालाय विचारलं की "छान." सब्जी मोहरीच्या तेलातली होती, चालेल का? "न चालायला काय झालं?" मला त्या "छान"ची भीती वाटायला लागली. मी यजमानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, बरंच आहे की. भांडण नाही, तंटा नाही." त्यांना रेल्वेच्या डब्यातला बारीकसा आवाज ऐकून कुठला बोल्ट सैल झालाय ते कळतं. माणसांचं तेवढं कळत नाही.

माझी मुलगी इथल्याच विद्यापीठात इतिहास शिकते. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी, आजीशीसुद्धा. गेल्या वर्षापासून ती आणि तिचे दोघे-तिघे दोस्त रविवारी सकाळी लोकांना जुनं शहर पायी फिरवून दाखवतात. हेरिटेज वॉक म्हणतात त्याला. गोमतीच्या काठावर कुडिया घाटापासून सुरुवात, मग रूमी दरवाजा, घंटाघर, आणि शेवट चौकात गोल दरवाज्यापाशी. आईला त्या वॉकला न्यायचं ही कल्पना माझी. माझा हिशेब सरळ होता. जिचा जन्म नदीच्या घाटावर गेला तिला इथंही नदी आहे, घाट आहे, जुन्या दगडविटा आहेत आणि तिची नात त्याबद्दल चार माणसांना सांगते, एवढं एकदा दिसलं की तिचं मन जरा वळेल. गाडी त्याच्या पुढच्या रविवारची होती. माझ्या हातात आठ दिवस होते. मला डाव टाकता येत नाहीत, तरी मी तो टाकला.

फेब्रुवारीची सकाळ होती. उन्हाला अजून जोर नव्हता आणि नदीवर धुकं होतं. आईनं मरून रंगाचे लोकरीचे मोजे घातले होते, अंगठ्याशी फट असलेले. ती आल्या आल्या मी ते निशातगंजच्या बाजारातून आणले होते. त्यावर तिच्या नेहमीच्या तपकिरी चपला, दोनदा तळ बदललेल्या. तेवढ्या तळांच्या पैशांत नवीन आल्या असत्या हे तिला मी पूर्वी सांगितलेलं होतं आणि त्यावर काय ऐकायचं ते ऐकलेलंही होतं. सात वाजता घाटावर दहा-बारा माणसं जमली. माझी मुलगी गळ्यात झोळी अडकवून पायरीवर उभी राहिली आणि घरात कधी ऐकू येत नाही अशा खणखणीत आवाजात बोलायला लागली. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी, घरात हाक मारल्यावर हिला एवढ्या आवाजात ओ द्यायला काय होतं, असंही वाटलं.

ती सांगत होती, की हे शहर आधी नदीकडे तोंड करून बसलेलं होतं, माल नदीतून यायचा, नवाबांच्या नावा इथून सुटायच्या, आणि आता शहरानं नदीकडे पाठ केली आहे. पलीकडे लाल पूल धुक्यात अर्धाच दिसत होता. सगळे पायऱ्या उतरून खाली गेले. आईही गेली. ती अगदी शेवटच्या कोरड्या पायरीवर वाकली, पाण्याला बोटं लावली आणि डोळ्यांना लावली. त्या पाण्याची काय अवस्था आहे ते मला कामामुळे चांगलं ठाऊक आहे. काठाला जलपर्णी, त्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, एक फुटका थर्माकोल.

"कशी वाटली नदी?" मी विचारलं.

"चांगली आहे," आई म्हणाली.

माझी सगळी आशा तिथंच मावळली. गोमतीला त्या अवस्थेत चांगली म्हणणारी बाई ही माझी आई नव्हती. तिच्या जागी कुणीतरी शिष्टाचार म्हणून आलेली बाई उभी होती.

मुलगी सगळ्यांना घेऊन काठाकाठानं पुढे निघाली. ज्या पायऱ्यांनी खाली उतरलो त्यांनी वर न जाता पलीकडच्या कच्च्या वाटेनं आम्ही रस्त्याला लागलो. आई रस्त्यावर पोचल्यावर थांबली आणि तिनं मागे वळून पाहिलं. थोडं पुढे जाऊन परत एकदा पाहिलं.

"काय गं?"

"काही नाही."

"दमलीस का?"

"छे. चला, पोरगी पुढे गेली."

चालण्यात ती एरवी मला मागे टाकते. जन्मभर रोज घाटाच्या पायऱ्या चढल्या-उतरल्यात तिनं. त्या दिवशी मात्र ती संथ चालत होती, रस्त्याच्या कडेकडेनं, खाली बघून. मी ते वयावर टाकलं आणि माझं लक्ष एका भिंतीतून उगवलेल्या पिंपळाकडे गेलं. कामाची सवय. रूमी दरवाज्यापाशी सगळे मान वर करून उभे राहिले तेव्हा आई बाजूच्या गवताच्या पट्टीवर जाऊन उभी राहिली. मुलगी दुष्काळाची गोष्ट सांगत होती. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून नवाबानं इथलं बांधकाम काढलं, आणि दिवसा साधी माणसं जे बांधायची ते रात्री बडी माणसं तोंड लपवून पाडायची, म्हणजे त्यांनाही मजुरी मिळावी आणि कुणी ओळखू नये, असं म्हणतात. मंडळी "अच्छा, अच्छा" करत होती. एकानं दरवाज्याबरोबर स्वतःचे सात-आठ फोटो काढून घेतले.

"समझ आ रहा है न, आजी?" मुलीनं मध्येच येऊन विचारलं.

"येतंय की," आई म्हणाली. "छान सांगतेस."

मला तिडीक आली. मी आईला म्हटलं, "काहीतरी तरी तुला आवडत नसेल ना इथलं?" ती हसली आणि पदर नीट केला.

घंटाघर झालं. तिथून चौकाकडे जायला आम्ही गल्ल्यांतून शिरलो. त्या गल्ल्यांत कुठे उभ्या विटांची फरसबंदी आहे, कुठे ती उखडून खडी आलीय, कुठे नळाचं पाणी साचलंय. मुलगी जुन्या पातळ विटा दाखवत होती आणि चुन्यात उडदाची डाळ, गूळ वगैरे घालून कसं बांधायचे ते सांगत होती. आम्ही गोल दरवाज्यापाशी पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. तिथं थंडीच्या दिवसांत मख्खन मलाई मिळते. दुधाचा दवात ठेवून घुसळलेला पिवळसर फेस, वर केशर आणि पिस्ता. वॉक तिथं संपतो आणि सगळ्यांना एकेक द्रोण मिळतो. दुकानाबाहेर लाकडी बाक होता. आई त्यावर बसली, एक पाय सहज दुसऱ्या पायावर घेतला, आणि मला तिच्या मोज्याचा तळ दिसला.

तळ असा राहिलाच नव्हता. लोकर फाटून टाचेशी गोळा झाली होती, चिखलानं काळी झाली होती, आणि उघड्या टाचेवर एक चीर पडून तिथं रक्त सुकलं होतं. दुसऱ्या पायाची तीच गत. पायात चपला नव्हत्या.

"चपला कुठायत?" मी विचारलं.

"घाटावर."

"घाटावर म्हणजे?"

"वरच्या पायरीवर काढल्या. पायताण घेऊन पाण्याशी जातात का?"

खरंच जात नाहीत. लहानपणी मीही वाईला वरच्या पायरीवरच चपला काढायचे. तिथं चपलांची रांगच असते आणि कुणी त्यांच्याकडे लक्ष ठेवत नाही, कारण खाली गेलेलं माणूस त्याच पायऱ्यांनी वर येणार असतं. सव्वीस वर्षांत मी हे विसरले होते. इतकं, की आई माझ्या शेजारी उभी राहून चपला काढत असताना ते मला दिसलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात मुलगी धावत आली. तिनं आजीचा पाय पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "आजी, बोला क्यों नहीं? मैं रुक जाती न. पूरा ग्रुप रुक जाता."

"तुझं काम चाललं होतं, बाळा. माझ्यामुळे एवढ्या लोकांचा खोळंबा कशाला?"

मग माझा तोल गेला. भर चौकात, त्या दहा-बारा माणसांसमोर मी माझ्या शहात्तर वर्षांच्या आईवर ओरडले. दोन तास तू अनवाणी चाललीस? खडीवरून? मी तीनदा विचारलं तुला. मख्खन मलाईवाला हातातला डाव तसाच धरून बघत राहिला. मला त्याची लाज वाटली नाही. "तिथं दूधवाल्यानं कडी वाजवली म्हणून तू सापडलीस," मी म्हटलं. "तुझा आवाज आला नाही हे त्याच्या लक्षात आलं. माझ्या घरी चार महिने तुझा आवाज नाही आणि मी काय करू? तू बोलणारच नाहीस तर मला कळायचं कसं? मला भीती वाटते गं."

आई द्रोणाकडे बघत होती. तिनं अजून चमचाही लावला नव्हता.

"तुमच्यात कसं असतं मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मला वाटलं, फिरून त्याच पायऱ्यांशी यायचंय. माणूस चपला काढतं ते परत तिथंच यायचं असतं म्हणून. रस्त्याला लागल्यावर कळलं, की ही मंडळी परत जात नाहीत."

"मग तेव्हा सांगायचं."

"पाहुण्यानं किती सांगायचं?"

ती रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती अगदी साधेपणानं म्हणाली, आज कोणता वार आहे हे सांगावं तसं. आणि मला कळलं, की चार महिने मी हिचा पाहुणचार केला. गरम पाणी काढून दिलं, मऊ रजई दिली, हाताला काही लागू दिलं नाही. एक भांडं घासू दिलं नाही. मुलीच्या घरी आलेल्या म्हाताऱ्या बाईला पाहुणी करून बसवायचं आणि मग ती पाहुण्यासारखी वागते म्हणून चिडायचं, हे मीच करत होते. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

मुलीला मंडळींना निरोप द्यायचा होता. तिला तिथंच ठेवून मी आईला ई-रिक्शात बसवलं आणि रिक्शावाल्या भैयाला सांगितलं, कुडिया घाट. चपला मिळतील अशी मला मुळीच आशा नव्हती. पण दुसरं काही करायचं मला सुचत नव्हतं.

वरची पायरी मोकळी होती. पायरीच्या बाजूला एक फुलवाली बाई सकाळी होती तशीच बसली होती, पन्नाशीची, डोक्यावरून शाल घेतलेली. समोर झेंडूचा ढीग आणि पाण्यात सोडायचे दिवे. तिनं आम्हाला पाहिलं आणि मी काही विचारायच्या आत टोपलीखालून चपला काढून पुढे ठेवल्या.

"अम्मा की हैं न? हमने उठा के रख ली थीं। यहाँ कुत्ते ले जाते हैं।" मग आईच्या पायांकडे बघून मला म्हणाली, "और आप अम्मा को नंगे पाँव ले के चल दीं?"

मी मान खाली घातली. आई पायरीवर बसली. मी बाटलीतलं पाणी ओतून तिचे पाय धुतले, फाटके मोजे काढले. तिनं मला ते करू दिलं, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती त्या बाईच्या हातांकडे बघत होती. बाई सुईनं झेंडू ओवत होती, झपाझप.

"फुलं ओली आहेत," आई म्हणाली.

"हं?"

"ओली फुलं ओवतेय ती. दुपारपर्यंत काळी पडतील. आधी फडक्यावर पसरायची, पाणी निथळू द्यायचं. सांग तिला."

"आई, तिचा धंदा आहे तो. तिला कळत नसेल का?"

"कळत असतं तर ओवली असती का? आणि दोरा बघ टोकाला केवढासा सोडलाय. बांधायचं कशानं, जिभेनं? सांग तिला."

मी सांगितलं. जमेल तेवढं मवाळ करून सांगितलं. फुलवालीनं सुई-दोरा आईपुढे धरला. "अच्छा? तो अम्मा बना के दिखाएँ।"

आईनं पदर खोचला. मांडीवर माझाच रुमाल पसरला, त्यावर मूठभर फुलं टाकून ती हलवली, टिपली, आणि ओवायला सुरुवात केली. मोडून जुळलेलं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं, ते तिनं कोपरातून वळवून घेतलं. फुलवाली वाकून बघत होती. तिच्या पुढच्या हाराचा दोरा तिनं लांब सोडला, हे मी पाहिलं.

"आणि तू काय उभी राहिलीस अशी?" आई मान वर न करता मला म्हणाली. "केवढी घाण केलीय नदीत तुम्ही लोकांनी. कुणाला काही वाटत नाही का?"

"मघाशी चांगली म्हणालीस की."

"म्हणाले मघाशी. डोळ्यांना पाणी लावलं ते अजून चुरचुरताहेत."

माझ्या जिवात जीव आला. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. ती तीन हार होईपर्यंत उठली नाही. एक हार फुलवालीनं तिलाच दिला. आईनं तो पायरीवरूनच पाण्यात सोडला आणि चपला घालून वर आली.

घाटावरून मानक नगरपर्यंत ऑटोनं तासभर लागला. त्या तासात आईनं चार महिन्यांचं सगळं बाहेर काढलं. माझ्या चहाला चव नाही, मी पाणी उकळायच्या आधीच पावडर टाकते. मोहरीच्या तेलाचा वास पातळांना बसलाय. ती रजई की काय, अंगावर घेतली की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. जावई चांगले आहेत, पण जेवताना मोबाइल बघतात आणि मी त्यांना काही म्हणत नाही. नात एवढी शिकली, पण तिला आजीशी दोन वाक्यं मराठीत बोलता येत नाहीत, हा दोष तिचा नाही, माझा. दाराजवळचा दिवा दिवसभर चालू असतो. आणि माझे केस मी असे कापून घेतले ते कुणाला विचारून? ऑटोवाला आरशातून बघत होता. त्याला वाटलं असणार, की अम्मा फार रागावल्या आहेत. मी एवढी आनंदात कितीतरी दिवसांत नव्हते.

दुपारी मुलगी घरी आली ती रडकुंडीला येऊनच. "आजी ठीक हैं?" तिनं दारातच मला विचारलं.

"ठीक आहे. तुझ्या वॉकला नावं ठेवतेय."

आईनं तिला समोर बसवलं. तू पाठमोरी चालत बोलतेस, मागच्याला अर्धं ऐकू येत नाही. दोन तासांत म्हाताऱ्या माणसाला टेकायला एकदासुद्धा थांबवत नाहीस. आणि ज्या वाटेनं परत यायचं नसतं ते आधी सांगायचं. मुलीनं वही काढून ते लिहून घेतलं. तेव्हापासून कुडिया घाटावर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "जिनको चप्पल उतारनी है, हाथ में ले लीजिए, हम इधर से नहीं लौटेंगे।" तिच्या दोस्तांना यात काय एवढं विशेष आहे ते कळत नाही.

पुढचा आठवडा आमच्या घरात कुणालाच शांतता मिळाली नाही. स्वयंपाकघर आईनं ताब्यात घेतलं. यजमान एकदा जेवताना मोबाइल बाजूला ठेवून माझ्याकडे केविलवाणं बघायला लागले. मी म्हटलं, आता कळलं ना? टाच भरून येत होती. मी रोज संध्याकाळी हळद लावायचे आणि हळद कमी लावली म्हणून ऐकायचे. एकच गोष्ट मी तिला विचारत नव्हते. तिकीट तसंच होतं. रविवार जवळ येत होता आणि माझी विचारायची हिंमत होत नव्हती, कारण नाही म्हणाली तर ती आता खरंखुरं नाही म्हणेल हे मला माहीत होतं.

गुरुवारी मुलगी म्हणाली, की मम्मी, तुझ्याऐवजी मी जाते. तिला वाईचे घाट बघायचे होते, आणि तिथं आजी तिला हिंडवून दाखवणार होती. आजीच्या वॉकमध्ये आपण मागं राहून ऐकायचं, असं तिचं ठरलं होतं. तिच्यासाठी पंधरा दिवसांनी परतीचं तिकीट काढलं. मोबाइल हातात असतानाच तिनं विचारलं, "आजी, आपका भी करा दूँ?"

"बघू," आई म्हणाली आणि भाजी परतायला गेली.

रविवारी दुपारी आम्ही दोघींना स्टेशनवर सोडायला निघालो. यजमानांनी सामान खाली ऑटोत ठेवलं होतं. प्रवासाला म्हणून मी आईसाठी निशातगंजहून बंद बूट आणले होते. ते तिनं घातले आणि अंगठ्याशी चावतात असं सांगितलं. तिच्या तपकिरी चपला दाराजवळ, आमच्या सगळ्यांच्या चपलांच्या रांगेत होत्या. वाईला तिला घाटावर जायला त्याच लागणार म्हणून मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या. पिशवीत कुठे बसतील ते बघत होते.

"त्या कशाला भरतेस?" आई जिन्यातून म्हणाली. "राहू देत तिथं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती आणि मुलीला सांगत होती, की पिशवी अशी एका खांद्यावर घेतात का.

मी कागद काढला आणि चपला परत होत्या तिथं ठेवल्या.